सीएनजी-की: की सुरक्षित, पण हँडल बंद कोणी करायचं?

प्रायव्हेट की (गुप्त ठेवायची क्रिप्टोग्राफिक किल्ली) बाइट ॲरेच्या रूपात हातात न घेता डेटा साइन किंवा डिक्रिप्ट करायचं असेल, तर विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग मंचाचा सीएनजी-की (CngKey) हा क्लास सगळ्यात सरळ वाट आहे. डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ मध्ये तो आला. विंडोज व्हिस्टापासून असलेल्या सीएनजी (क्रिप्टोग्राफी एपीआय: नेक्स्ट जनरेशन) या नेटिव्ह, म्हणजे डॉटनेटबाहेरच्या, विंडोजच्या एपीआयवर त्याचं पातळ आवरण आहे. की प्रोव्हायडरच्या, म्हणजे ती सांभाळणाऱ्या घटकाच्या, ताब्यात राहते; प्रोग्रामकडे फक्त तिचं हँडल, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारा आकडा, असतं. ही मांडणी उत्तम आहे. अडचणी येतात त्या एकाच प्रश्नापाशी: कोणतं हँडल कोणाच्या मालकीचं?

पहिला खड्डा ‘हँडल’ या प्रॉपर्टीतच आहे. प्रॉपर्टी वाचणं म्हणजे आत ठेवलेली वस्तू दाखवणं, असं कोणीही धरून चालतो. इथे मात्र प्रत्येक वाचनाला नवं डुप्लिकेट सेफ-हँडल (हँडल सांभाळणारं डॉटनेट ऑब्जेक्ट) तयार होतं आणि ते बंद करायची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते. सीएनजी-की डिस्पोज केली, म्हणजे काम संपल्यावर मोकळी केली, तरी बाहेर दिलेली डुप्लिकेट्स उघडी असतील तोवर खालचं नेटिव्ह हँडल सुटत नाही. लूपमध्ये हजार वेळा ही प्रॉपर्टी वाचली, तर हजार ऑब्जेक्ट फायनलायझरची (सोडून दिलेले ऑब्जेक्ट मागाहून आवरणाऱ्या कोडची) वाट पाहत पडून राहतात. उपाय साधा आहे: लूपच्या बाहेर एकदाच वाचा, ‘यूझिंग’मध्ये (काम संपताच आपोआप डिस्पोज करणाऱ्या ब्लॉकमध्ये) धरा, तेच आत वापरा. ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीवर चालणाऱ्या आरएसए (एनक्रिप्शन आणि सहीची एक पद्धत) क्लासमध्ये हेच काम ‘डुप्लिकेट-की-हँडल’ नावाची मेथड करते. नाव वाचताच कळतं की नवी वस्तू मिळतेय आणि ती आपल्यालाच आवरायची आहे. सीएनजी-कीलाही असंच नाव द्यायला हवं होतं. ही त्याच्या रचनेतली खरी चूक आहे.

हँडल नेटिव्ह डीएलएलला द्यायचं असेल, तर पी-इन्व्होकच्या (डॉटनेटमधून नेटिव्ह फंक्शन बोलावण्याच्या सोयीच्या) घोषणेत पॅरामीटरचा प्रकार सेफ-एन-क्रिप्ट-की-हँडल (SafeNCryptKeyHandle) असाच लिहा, इंट-पॉइंटर नको. सेफ-हँडल दिलं की कॉल संपेपर्यंत रनटाइम त्याचा रेफरन्स काउंट (किती जण वापरताहेत याची मोजणी) वाढवून ठेवतो. याउलट ‘डेंजरस-गेट-हँडल’ने काढलेल्या नुसत्या आकड्याला कोणाचंच संरक्षण नसतं. नेटिव्ह फंक्शन चालू असतानाच गार्बेज कलेक्टरला (न वापरलेली मेमरी परत घेणाऱ्या यंत्रणेला) वाटू शकतं की ऑब्जेक्ट आता कोणी वापरत नाही. मग फायनलायझर हँडल मोकळं करतो, आणि तोच आकडा पुढे दुसऱ्या ऑब्जेक्टला मिळू शकतो. क्रॅश झाला तर नशीब म्हणायचं, कारण निदान चूक दिसते. आकडा काढण्यावाचून गत्यंतर नसेलच, तर आधी ‘डेंजरस-ॲड-रेफ’ आणि ‘फायनली’मध्ये ‘डेंजरस-रिलीज’, ही जोडी सोडू नका.

उलट दिशेने, म्हणजे नेटिव्ह कोडकडून आलेल्या हँडलवरून ‘ओपन’ करताना, दुसरा पॅरामीटर महत्त्वाचा असतो. की कायमची साठवलेली असेल तर ‘नन’, आणि फक्त मेमरीतली, बिननावाची असेल तर ‘इफेमेरल-की’. डॉटनेट स्वतः तयार केलेल्या तात्पुरत्या कीवर आपली एक खास प्रॉपर्टी लिहून ठेवतं. अशी की ‘नन’ देऊन उघडायला गेलात, तर आर्ग्युमेंट एक्सेप्शन (चुकीच्या पॅरामीटरची एरर) येतो. हे कडक वाटलं तरी योग्यच आहे. नेटिव्ह कोडने बनवलेल्या कीवर मात्र ती खूण नसते, त्यामुळे तिथे खरं सांगणं आपल्यावरच असतं. ‘ओपन’सुद्धा आत डुप्लिकेटच घेतं. म्हणून दिलेलं मूळ हँडलही तुम्हीच बंद करायचं.

‘डिलीट’चं वागणं चांगलं आहे. नेटिव्ह एन-क्रिप्ट-डिलीट-की (NCryptDeleteKey) हे फंक्शन की पुसतं आणि हँडलही मोकळं करतं. सीएनजी-की हे ओळखून हँडल अवैध ठरवते आणि स्वतःला डिस्पोज करते. तेच फंक्शन स्वतः पी-इन्व्होकने बोलावलंत, तर यशस्वी कॉलनंतर ‘सेट-हँडल-ॲज-इनव्हॅलिड’ करावंच लागतं, नाहीतर एकच हँडल दोनदा मोकळं होतं.

की तयार करताना, उघडताना किंवा एक्सपोर्ट करतानाच्या चुका बहुतेक एरर कोडवरून ओळखता येतात. हेक्स ८००९०००एफ म्हणजे त्या नावाची की आधीच आहे. ‘एक्झिस्ट्स’ तपासून मग ‘क्रिएट’ केलं, तरी मधल्या क्षणात दुसरी प्रोसेस ती तयार करू शकते, म्हणून हा एक्सेप्शन पकडावाच लागतो. ८००९००१६ म्हणजे की सापडली नाही. बऱ्याचदा की मशीन-की (एका युजरची नव्हे, पूर्ण संगणकाची) म्हणून बनवलेली असते आणि उघडताना ‘मशीन-की’ हा पर्याय द्यायचा राहून जातो. ८००९००२९ एक्सपोर्ट करताना दिसतो. ‘अलाव-एक्सपोर्ट’ दिलं म्हणजे उघड्या स्वरूपात की बाहेर काढता येईल असं नाही, त्यासाठी ‘अलाव-प्लेनटेक्स्ट-एक्सपोर्ट’ लागतं. आणि ते गरज नसताना देऊच नका, नाहीतर हँडलमागे की लपवण्याला अर्थच उरत नाही. आरएसएसाठी ‘लेंग्थ’ ही प्रॉपर्टी ४ बाइटच्या पूर्णांकात, उदाहरणार्थ ३०७२, स्पष्ट लिहा. डिफॉल्टच्या भरवशावर राहू नका.

फक्त विंडोजवर चालणाऱ्या सर्व्हिससाठी हा क्लास पाचपैकी चार गुणांचा आहे. एक गुण त्या ‘हँडल’ प्रॉपर्टीने घालवला. लिनक्सवर तो प्लॅटफॉर्म-नॉट-सपोर्टेड एक्सेप्शन देतो. त्यामुळे कोड दोन्हीकडे चालवायचा असेल, तर बाकी सगळीकडे आरएसए आणि ईसीडीएसए (सहीची दुसरी पद्धत) हे मूळ क्लासच वापरा आणि सीएनजी-की फक्त की उघडण्याच्या एका फाइलपुरती ठेवा. तिथेही आरएसए-सीएनजी ऑब्जेक्ट तयार झाल्यावर त्याला दिलेली सीएनजी-की वेगळी डिस्पोज करा, कारण तो क्लास स्वतःसाठी आतून वेगळी प्रत घेतो.