गवतातली रेघ आणि भिंतीवरची खुर्ची

संकल्पनात्मक कलेत, म्हणजे जिथे वस्तूपेक्षा कल्पना महत्त्वाची असते अशा कलेत, कॅमेरा नेमकं काय करतो, हे समजून घ्यायला मला दोन कलाकृती पुरतात.

पहिली रिचर्ड लाँगची, १९६७ सालची. लंडनमध्ये कला शिकणारा हा तरुण इंग्लंडमधल्याच विल्टशायर परगण्यातल्या एका गवताळ शेतात गेला आणि एकाच सरळ रेषेत येरझाऱ्या घालत राहिला. गवत दबलं, उन्हात रेघ उमटली, त्याने कृष्णधवल फोटो काढला. गवताची रेघ टिकणारी नव्हतीच. आपल्या हाती उरला तो फोटो. तो साक्षीदार आहे, पण एकुलता एक. चालणं हीच कला म्हणावी, तर ती पाहिली कुणी? आपण फोटोवर विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासावर कलाकृती जगते.

जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलावंताच्या १९६५ च्या कामात उलट आहे. एक खरी खुर्ची, भिंतीवर तिचाच खऱ्या आकाराचा फोटो आणि ‘खुर्ची’ या शब्दाचा कोशातला अर्थ. मांडणी दुसरीकडे गेली की फोटोही तिथेच नव्याने काढायचा. त्यामुळे कुठलाच एक फोटो मोलाचा नाही. कोणी काढला, हाही प्रश्न नाही.

बुद्धीला कोसुथ लगेच पटतो. तरी मी पुन्हा पुन्हा वळतो लाँगच्या फोटोकडे. त्यात माणूस कुठेच नाही, पण तो किती वेळा गेला-आला असेल, याचा हिशेब मन आपोआप करू लागतं.