प्लेस्टेशन ५ ठेवावा, प्रो घ्यावा की स्विच २ कडे वळावे? नव्या अपस्केलिंगच्या निमित्ताने एक तुलना

घरात प्लेस्टेशन ५ आहे, तो नीट चालतो आहे, आणि तरीही प्लेस्टेशन ५ प्रो घ्यावा का, असा प्रश्न सध्या अनेक गेम खेळणाऱ्यांना पडलेला दिसतो. ज्यांच्याकडे अजून एकही कन्सोल नाही, त्यांच्या यादीत निन्टेंडो स्विच २ चे नावही असते. प्रो आणि स्विच २ या दोन्हींच्या जाहिरातींत यंत्राच्या ताकदीबरोबरच एका सॉफ्टवेअरचा गाजावाजा आहे. प्रोवर त्याचे नाव पीएसएसआर, तर स्विच २ वर एनव्हिडियाचे डीएलएसएस. कमी रिझोल्यूशनमध्ये तयार केलेले चित्र मशीन लर्निंगच्या मदतीने मोठे आणि रेखीव करून पडद्यावर पाठवायचे, म्हणजेच अपस्केलिंग, हे दोन्हींचे काम. हे तंत्र खरोखर उपयोगाचे आहे असे माझे मत आहे, परंतु ते केवळ जीपीयूवरचा, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपवरचा, भार हलका करते. ज्या गेमची अडचण अन्यत्र आहे तिथे त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. त्यामुळे आपण कोणते गेम खेळतो आणि कोणत्या टीव्हीवर खेळतो, हे आधी पाहावे आणि टेराफ्लॉप्सचे, म्हणजे जीपीयूच्या गणिताच्या वेगाचे, आकडे त्यानंतर.

हिशेब तसा सरळ आहे. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर एक फ्रेम तयार करायला कन्सोलला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि ३० फ्रेम्सवर समाधान मानले तर ३३.३ मिलिसेकंद. ४के चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १४४०पी चित्रात सुमारे ३७ लाख आणि १०८०पी चित्रात जेमतेम २१ लाख. म्हणजे गेमने १४४०पी मध्ये चित्र काढले आणि उरलेले पिक्सेल अपस्केलरने भरले, तर जीपीयूचे निम्म्याहून अधिक पिक्सेलांचे काम वाचते. त्यातला थोडा वेळ अपस्केलर स्वतःसाठी घेतो, पण बाकीचा फ्रेम रेट वाढवायला किंवा प्रकाश आणि सावल्या अधिक खऱ्या दिसायला वापरता येतो.

हे उरलेले पिक्सेल भरायचे कसे, यावर सारी गुणवत्ता ठरते. चिप बनवणाऱ्या एएमडीचे अपस्केलिंग म्हणजे एफएसआर. त्याची २०२१ मधली पहिली आवृत्ती समोरच्या एकाच फ्रेमवर काम करत असे, आणि त्यामुळे तिची मर्यादाही लगेच दिसे. २०२२ च्या एफएसआर २ पासून मागच्या फ्रेम्समधली माहिती वापरण्यास सुरुवात झाली. प्रत्येक फ्रेममध्ये कॅमेरा अगदी किंचित सरकवायचा, कोणती वस्तू कुठून कुठे गेली याची नोंद गेमकडून घ्यायची, आणि मागच्या काही फ्रेम्समधले तपशील गोळा करून आताचे चित्र भरायचे, अशी ती पद्धत. यातला अवघड भाग म्हणजे जुनी माहिती कधी फेकून द्यायची ते ठरवणे. नायक बाजूला सरकला की त्याच्या पाठीमागची भिंत नव्याने उघडी पडते, आणि त्या भिंतीबद्दल मागच्या फ्रेम्समध्ये काहीच नसते. अशा ठिकाणी एफएसआर २ मध्ये कडांभोवती बुडबुड्यांसारखी वळवळ दिसते. हाताने लिहिलेल्या नियमांऐवजी प्रशिक्षित न्यूरल नेटवर्कने हा निवाडा केला की तो बराच अचूक होतो, आणि पीएसएसआर व डीएलएसएस यांचा मुख्य फायदा नेमका हाच आहे.

मूळ प्लेस्टेशन ५ कडे हे शेवटचे साधन नाही. त्याचा जीपीयू १०.२८ टेराफ्लॉप्सचा, ३६ कंप्युट युनिट्सचा (जीपीयूमधले गणित करणारे विभाग), आणि न्यूरल नेटवर्क जलद चालवण्यासाठी लागणारी खास सोय त्यात नाही. त्यामुळे त्यावरचे गेम एफएसआर किंवा अनरिअल इंजिनचे स्वतःचे अपस्केलिंग वापरतात. बहुतेक गेम दोन मोड देतात. क्वालिटी मोडमध्ये चित्र स्वच्छ असते पण फ्रेम रेट ३०, तर परफॉर्मन्स मोडमध्ये फ्रेम रेट ६० पण चित्र मऊ, कधी कधी चक्क धूसर. फायनल फँटसी ७ रिबर्थचा परफॉर्मन्स मोड या धूसरपणासाठी बदनाम झाला होता, आणि प्रोवर त्याच गेमचे ६० फ्रेम्सचे चित्र पाहिले की पैसे कुठे गेले ते कळते. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रो सादर करताना प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी सांगितले होते की, मोड निवडायची वेळ येते तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळाडू परफॉर्मन्स मोडच निवडतात. प्रोची सारी रचना या एका निरीक्षणावर उभी आहे.

प्रोमध्ये ६० कंप्युट युनिट्स आहेत, एकूण ताकद १६.७ टेराफ्लॉप्सची आहे आणि मेमरीचा वेग ४४८ वरून ५७६ गिगाबाइट प्रति सेकंदावर गेला आहे. सोनीच्या म्हणण्यानुसार यामुळे प्रत्यक्ष चित्र तयार करण्याचा वेग सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो. ३० फ्रेम्सच्या क्वालिटी मोडला ६० वर न्यायचे तर १०० टक्के वाढ हवी; उरलेली तूट पीएसएसआरने भरून काढायची, हा त्यामागचा विचार. त्यासाठी जीपीयूमध्येच न्यूरल नेटवर्कला लागणाऱ्या ८-बिट गणितासाठी ३०० टॉप्सची (सेकंदाला ३०० लाख कोटी क्रियांची) क्षमता दिली आहे. तुलनेसाठी, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स सिरीज एक्सबाबत याच प्रकारच्या गणितासाठी ४९ टॉप्स हा आकडा दिला होता.

जिथे गेम नीट जुळवून घेतला आहे तिथे परिणाम उघड दिसतो. द लास्ट ऑफ अस पार्ट २ रीमास्टर्ड प्रोवर १४४०पी मध्ये चित्र काढतो, पीएसएसआरने ते ४के करतो आणि ६० फ्रेम्स देतो. मार्व्हल्स स्पायडर-मॅन २ मध्ये मॅनहॅटनवरून झोके घेताना समोरच्या इमारतींच्या खिडक्यांच्या बारीक आडव्या-उभ्या रेषा पाहाव्यात: साध्या प्लेस्टेशन ५ च्या परफॉर्मन्स मोडमध्ये दूरच्या रेषा चालत्या चित्रात लुकलुकतात, तर प्रोवर त्या बऱ्याच स्थिर राहतात. उलट, सायलेंट हिल २ आणि स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर या गेम्सना सुरुवातीला पीएसएसआर लावल्यावर झाडाझुडपांत आणि अप्रत्यक्ष प्रकाशात विचित्र झगमग दिसू लागली, आणि त्याबद्दल भरपूर ओरड झाली. कमी रिझोल्यूशनच्या, गोंगाटाने (नॉइज, म्हणजे विखुरलेल्या ठिपक्यांनी) भरलेल्या प्रकाशावर अपस्केलरला काम करायला लावले की तो तो गोंगाटही इमानेइतबारे मोठा करतो. सर्नी यांनी २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे, एएमडीबरोबर मिळून विकसित केलेल्या एफएसआर ४ च्या नेटवर्कवर आधारलेली पुढची आवृत्ती २०२६ मध्ये प्रोवर आणण्याचा मनसुबा होता. यंत्र तेच राहून चित्र सुधारण्याची ही वाट प्रोला आहे आणि मूळ प्लेस्टेशन ५ ला नाही, हा प्रोच्या बाजूचा मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा आहे.

आता विरुद्ध बाजू. प्रोचा सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, मूळ प्लेस्टेशन ५ मधलाच आहे, एएमडीचा आठ कोअर्सचा झेन २, त्याचा वेग ३.५ ऐवजी ३.८५ गिगाहर्ट्झपर्यंत नेता येतो, म्हणजे फार तर दहा टक्के वाढ. बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकातले गजबजलेले शहर किंवा ड्रॅगन्स डॉग्मा २ मधली बाजारपेठ घ्या. तिथे फ्रेम रेट घसरतो तो पिक्सेलांमुळे नव्हे. शंभर पात्रे कुठे चालली आहेत, काय करत आहेत, याचा हिशेब सीपीयू वेळेत संपवू शकत नाही म्हणून. रिझोल्यूशन निम्मे करा किंवा पाव करा, ती रांग तेवढीच राहते. ज्यांचा बहुतेक वेळ अशा गेम्समध्ये जातो, त्यांनी प्रोकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

सॉफ्टवेअरने कन्सोल कात टाकेल ही आशा नवी नाही, आणि तिचा एक जुना अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. मार्च २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स १२ (गेम आणि जीपीयू यांच्यातला सॉफ्टवेअरचा दुवा) जाहीर केले, तेव्हा प्लेस्टेशन ४ च्या १.८४ टेराफ्लॉप्सपुढे १.३१ टेराफ्लॉप्सवर अडलेला एक्सबॉक्स वन आता अंतर भरून काढणार, अशी चर्चा रंगली होती. डायरेक्टएक्स १२ चा मोठा फायदा म्हणजे जीपीयूला आज्ञा पाठवताना सीपीयूवर पडणारा बोजा कमी होणे. पण हा बोजा मुख्यतः पीसीवरचा होता. कन्सोलवर गेम बनवणाऱ्यांना हार्डवेअरशी जवळून बोलण्याची सोय आधीपासूनच होती, आणि एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनीही फार मोठ्या बदलाची अपेक्षा ठेवू नये असेच सांगितले होते. त्याच वर्षी, कायनेक्ट या हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवलेला जीपीयूचा सुमारे दहा टक्के वाटा मायक्रोसॉफ्टने गेम्सना खुला केला. त्या बदलाचा गवगवा कोणी केला नाही, पण फायदा ताबडतोब मिळाला. नव्या सॉफ्टवेअरची बातमी वाचताना ते नेमके कोणते काम वाचवते, आणि ते काम आपल्या कन्सोलवर मुळात अडथळा आहे का, एवढे विचारले तरी पुरे.

प्रो घेण्याआधी टीव्हीकडे पाहावे, असे मी आग्रहाने म्हणेन. टीव्हीला एचडीएमआय २.१, १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलण्याची सोय) आणि व्हीआरआर (गेमच्या फ्रेम रेटप्रमाणे पडद्याने स्वतःचा वेग बदलणे) असेल, तर साध्या प्लेस्टेशन ५ लाही एप्रिल २०२२ च्या अपडेटपासून व्हीआरआर मिळते, आणि ५२-५५ वर घसरणारा फ्रेम रेट डोळ्यांना खटकेनासा होतो. अशा टीव्हीवर काही गेम ४० फ्रेम्सचा मोड देतात. रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्टने २०२१ मध्ये हा प्रकार लोकप्रिय केला. ४० हा आकडा दिसतो ३० च्या जवळ, पण वेळेच्या हिशेबात २५ मिलिसेकंद हे ३३.३ आणि १६.७ यांच्या बरोबर मधोमध येतात, आणि क्वालिटी मोडचे स्वच्छ चित्रही हातचे जात नाही. ज्यांच्याकडे अजून ६० हर्ट्झचा, त्यातही १०८०पी चा टीव्ही आहे, त्यांनी प्रोऐवजी तेच पैसे टीव्हीत घालावेत. लांबच्या सोफ्यावरून ४३ इंची पडद्याकडे पाहणाऱ्याला पीएसएसआर आणि एफएसआर यांतला फरक शोधावा लागेल.

फ्रेम जनरेशनबद्दल थोडक्यात. एफएसआर ३ दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घालते, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते. पण कंट्रोलरचे बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेम्सच्याच वेगाने येतो, किंबहुना थोडा उशिराच. ब्लॅक मिथ: वुकाँगच्या प्लेस्टेशन ५ वरच्या परफॉर्मन्स मोडमध्ये हे तंत्र वापरले आहे, आणि घाव चुकवण्याच्या क्षणी तो जडपणा हाताला जाणवतो. खऱ्या ६० फ्रेम्स असतील तर त्यावर हा साज शोभतो. ३० च्या आसपासच्या पायावर तो चढवू नये.

स्विच २ ची गोष्ट वेगळी आहे, आणि त्याची थेट तुलना प्रोशी करणे त्याच्यावर अन्यायच आहे. ५ जून २०२५ रोजी आलेल्या या यंत्रात १५३६ कुडा कोअर्सचा (एनव्हिडियाच्या जीपीयूतले गणित करणारे छोटे भाग) एनव्हिडियाचा चिप आणि १२ जीबी मेमरी आहे; टीव्हीला जोडल्यावर ताकद सुमारे ३ टेराफ्लॉप्स, हातात घेतल्यावर १.७ च्या आसपास. ही ताकद मूळ प्लेस्टेशन ५ च्या पासंगालाही पुरत नाही, आणि तरीही सायबरपंक २०७७ त्यावर ३० आणि ४० फ्रेम्सच्या मोडमध्ये चालतो, यात डीएलएसएसचा मोठा वाटा आहे. हातातल्या ७.९ इंची १०८०पी पडद्यावर अपस्केलिंगचे दोष लपतात, मोठ्या टीव्हीवर ते उघडे पडतात. सॉफ्टवेअरने यंत्राला खरोखर वरच्या वर्गात नेऊन बसवल्याचे उदाहरण या तिघांत स्विच २ हेच आहे. परंतु ते प्रवासात, पलंगावर, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथे खेळण्यासाठी. दिवाणखान्यातल्या ५५ इंची टीव्हीसाठी मुख्य कन्सोल म्हणून नव्हे.

एक्सबॉक्सवाल्यांना विकत घेण्यासारखे नवे काही इथे नाही, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेला एफपीएस बूस्ट मात्र विसरू नये: गेमच्या कोडला हात न लावता वॉच डॉग्ज २ किंवा फार क्राय ४ सारख्या जुन्या गेम्सचा फ्रेम रेट दुप्पट करण्याची ती सोय फुकट होती. सिरीज एसची खरी अडचण तिच्या १० जीबी मेमरीत आहे, आणि ती कोणताही अपस्केलर दूर करत नाही.

तेव्हा हाती प्लेस्टेशन ५ असलेल्याने प्रथम सेटिंग्जमध्ये जाऊन १२० हर्ट्झ आउटपुट आणि व्हीआरआर सुरू आहेत का ते पाहावे, टीव्हीचा गेम मोड लावावा आणि शार्पनेस खाली आणावा, कारण तो वाढवलेला असला की अपस्केलिंगची प्रत्येक चूक ठळक दिसते. त्यानंतरही आवडत्या गेमचा परफॉर्मन्स मोड धूसर वाटत असेल, टीव्ही ५५ इंच किंवा त्याहून मोठा आणि चांगला ४के असेल, आणि त्या गेमला प्रोसाठीचा पॅच (सुधारणा करणारे अपडेट) मिळालेला असेल, तरच प्रोचा विचार करावा. पॅच नसलेल्या गेमवर पीएसएसआरचा फायदा गृहीत धरू नये. पहिलाच कन्सोल घेणाऱ्याला मी साधा प्लेस्टेशन ५ सुचवेन. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रो बाजारात आला तेव्हा भारत त्या यादीत नव्हता. वाय-फाय ७ साठी लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे तेव्हा खुला नव्हता. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या नातेवाइकांकडून तो मागवणाऱ्यांनी इथे वॉरंटी मिळते का याची चौकशी आधीच करावी. शिवाय प्रोच्या किमतीत (२०२४ मध्ये बाजारात येताना ती ६९९.९९ डॉलर होती) डिस्क ड्राइव्ह येत नाही. वापरलेल्या डिस्क विकत घेऊन आणि खेळून झाल्यावर विकून ज्यांचा छंद परवडतो, त्यांनी ड्राइव्हचे वेगळे पैसे धरूनच बेरीज मांडावी.