दुकानात शहाणा, घरी बावचळलेला: सेकंडहँड लॅपटॉपचे सात महिने

खालचा परिच्छेद मी होळीच्या आधी लिहून ठेवला होता. संतापात लिहिलाय, तरी खोडत नाही. दुरुस्ती काहीच नाही आणि तपासणीचे ३०० रुपये दोनदा मोजून आलेला माणूस कसा लिहितो, ते दिसू द्या.

"घेऊ नका. बॉडी ॲल्युमिनियमची, दिसायला झकास, पण टचपॅडला भूत लागलंय. बाण आपोआप कोपऱ्यात पळतो, फाईल आपोआप उघडते, बोट न लावता अख्खा कॉलम निळा होतो. तुरीच्या नोंदी करताना १४ क्विंटलचा आकडा भलत्याच शेतकऱ्याच्या नावापुढे जाऊन बसला. तो खुश, आणि ज्याची तूर होती तो सकाळी सात वाजता माझ्या ओट्यावर. शिवाय मनगटाखाली सारख्या मुंग्या. एक तारा, तोही कीबोर्डसाठी."

आता मे संपत आलाय आणि यातला बराच मजकूर मला गिळावा लागतोय. सगळा नाही. ३०० रुपयांचं तर नाहीच.

घेतला का, ते थोडक्यात. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब मी घरूनच लिहितो आणि पोरीची मराठी टायपिंगची परीक्षा आहे, ३० शब्दांची. जुना लॅपटॉप इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा, जाडजूड प्लास्टिकचा. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणून दिवाळी झाल्यावर नागपूर गाठलं. सीताबर्डीत घासाघीस करून आठव्या पिढीचा आय-फाइव्ह २४ हजारांत उचलला. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये होता, म्हणजे तीन क्विंटल कापूस झाला. व्यापाऱ्याच्या काट्यावर किती झाला ते विचारू नका.

दोन दिवस साळ्याकडे नागपुरातच होतो. तिथे लोण्यासारखा चालला. गावी आणला, पुढच्या खोलीत बोर्डाला लावला, आणि पंधरा मिनिटांत पोरगी ओरडली, "बाबा, हा चावते!"

बॅटरी सेकंडहँडला असते तशी, जेमतेम चाळीस मिनिटांची. त्यामुळे चार्जर कायम लावलेलाच. चार्जर काढला की बाण शहाण्यासारखा वागायचा हे मला आठवडाभरात कळलं होतं, पण त्यातून मी काढलेला निष्कर्ष एकच: चार्जर डुप्लिकेट दिला. नवा आणला, १,१५० रुपये. तोच तमाशा. मग यवतमाळला सर्व्हिसवाल्याकडे. आमच्या दारव्ह्याच्या बाजूच्या गावातून एसटीनं जाऊन येऊन दिवस मोडतो. काउंटरवरच्या पोरानं चार्जर लावला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, मस्त तर चालून राह्यला." मी फिरवून पाहिलं. खरंच मस्त. मुंग्यासुद्धा नाहीत. तापानं फणफणलेलं पोर डॉक्टरच्या पायरीवर खेळायला लागावं, तसं माझं तोंड झालं. ३०० रुपये.

घरी आलो, लावला, पुन्हा नाच सुरू.

पंधरा दिवसांनी परत गेलो. या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढून नेला होता. व्हिडिओ पाहून पोरानं आतल्या साहेबाला बोलावलं. साहेबानं लॅपटॉप उलटासुलटा केला आणि सांगितलं की मदरबोर्डमध्येच कुठेतरी अधूनमधून फॉल्ट येतोय, बोर्ड बदलावा लागेल, ९,५०० रुपये. मी मनात भागाकार केला: सव्वा क्विंटलच्या आसपास. "विचार करून सांगतो" म्हणालो. वर पुन्हा तपासणीचे ३०० दिलेच.

मग देशी उपाय. पायात चप्पल घालून बसलं की मुंग्या येत नाहीत, हा शोध मला जानेवारीत लागला आणि मी स्वतःवर फार खुश झालो. पण पुढच्या खोलीतच देव्हारा. आईनं दुसऱ्याच दिवशी पाहिलं. "घरात चपला? देवापुढं? लॅपटॉप तुले देवापरीस मोठा झाला का रे?" चप्पल गेली, मनगटाखाली दुपट्ट्याची घडी आली. २५० रुपयांचा माऊस आणून टचपॅड सेटिंगमधून बंद केलं. तीन महिने आम्ही असे काढले. वरचा परिच्छेद त्या काळातला.

एप्रिलमध्ये कूलरचं गवत बदलायला आणि पंख्याचा आवाज पाहायला गावातला वायरमन आला. तीस वर्षं डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर), डिओ (त्यावरचे फ्यूज) आणि लोकांची घरं यांतच गेलेला माणूस. त्यानं दुपट्टा पाहिला, विचारलं. मी सगळी कर्मकथा सांगितली. तो काही बोलला नाही. खिशातला टेस्टर काढून लॅपटॉपच्या खालच्या स्क्रूला लावला. मंद लाल. चार्जर काढला, लाल गेलं. मी मल्टिमीटर आणला, एक टोक लॅपटॉपला आणि दुसरं ओल्या जमिनीत खोचलेल्या खिळ्याला: १०४ व्होल्ट. मला घाम फुटला. तो म्हणाला, "लॅपटॉपचं रावू द्या भाऊ. हा कूलर कोन्त्या बोर्डावर हाये?"

त्याच बोर्डावर होता. लोखंडी बॉडीचा, टाकीत पाणी भरलेला.

मग आम्ही अर्थिंगच्या, म्हणजे निसटलेली वीज जमिनीत सोडणाऱ्या तारेच्या, मागे निघालो. बोर्डातली हिरवी वायर जाग्यावर. मीटरपाशीही जाग्यावर. तिथून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) तार बाहेर पडून न्हाणीच्या मागे जाते, जिथे वडिलांनी घर बांधताना पहार गाडून ठेवली होती. न्हाणीचं सांडपाणी तिच्यावर पडायचं, त्यामुळे तीस वर्षं कोणाला काही करावं लागलं नाही. गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास आम्ही तिथे शोषखड्डा केला. पहार मजुरांनी उपटून बाजूला टाकली होती आणि तारेचं तोंड भिंतीवर वीतभर लोंबत होतं. मी त्या भिंतीशी रोज दात घासतो.

म्हणजे वर्षभर घराला अर्थिंगच नव्हतं. जुना लॅपटॉप प्लास्टिकचा, त्यानं चकार शब्द काढला नाही. नवा धातूचा, तो पहिल्या दिवसापासून ओरडत होता.

माझ्यासारखं कोणी चार्जर बदलत बसलं असेल, तर भानगड अशी आहे. चार्जरच्या पोटात २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दामच टाकलेला असतो. चार्जरमुळे होणारी विजेची खरखर दाबणं हे त्याचं काम. त्यातून किंचित करंट निसटतो, एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी. तो तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायचा असतो. तिसऱ्या पिनेमागे जमीनच नसली, की तो बॉडीवर मुक्काम करतो आणि तुमच्या मनगटातून, अनवाणी पायातून खाली उतरतो. मीटरवर १०४ दिसले तरी त्यात जीव घेण्याइतका जोर नसतो, नुसत्या मुंग्या येतात. टचपॅडची गंमत अशी, की ते बोटाचा दाब ओळखत नाही, बोटामुळे होणारा विजेचा अगदी बारीक फरक ओळखतं. बॉडीवर वीजच थरथरत असेल तर त्याला सगळीकडे बोटंच बोटं दिसणार. सर्व्हिसवाल्याच्या दुकानात अर्थिंग चांगलं, म्हणून तिथे लॅपटॉपला कधीच काही झालं नाही. तीन पिनांचा प्लग टू-पिन कन्व्हर्टरमध्ये घालून वापरणाऱ्यांनाही हाच प्रसाद मिळतो.

शेजारच्यांनी फुकट सल्ला दिला की तिसऱ्या पिनेला न्यूट्रलमधून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेतून, लूप मारा, पाच मिनिटांचं काम. वायरमन त्यांच्यावरच उखडला. खांबावरून न्यूट्रल तुटला, तर त्या लूपमधून कूलरच्या अंगावर अख्खे २३० येतात आणि वर बोर्डावर नुसती लाईट गेल्यासारखं दिसत राहतं.

तेव्हा खड्डा. एप्रिलातली काळी जमीन, हात जाईल एवढ्या भेगा, आणि खाली मुरूम लागला की पहारीतून ठिणग्या. आठ फुटांचा जीआय पाईप, भोवती कोळशाचे आणि जाड्या मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. मिठाचं पोतं सायकलवरून आणताना तिघांनी विचारलं, यंदा लोणचं लय घालता का. तार जोडल्यावर वायरमननं फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थिंग यांच्यामध्ये १०० वॉटचा बल्ब लावून पाहिला, न्यूट्रलवर पेटतो तेवढाच लख्ख पेटला. मग मी लॅपटॉप लावला. मल्टिमीटरवर एक व्होल्टसुद्धा नाही. माऊस काढून टचपॅड चालू केलं आणि बाण जिथे ठेवला तिथे उभा राहिला. दहा मिनिटं मी नुसता त्या बाणाकडे पाहत बसलो होतो. बायकोला वाटलं, पुन्हा बिघडला.

वायरमनचा हट्ट एवढ्यावर थांबला नाही. ईएलसीबी बसवच म्हणाला, ३० मिलिअँपिअरचा. जाणारा आणि येणारा करंट यांत तेवढा फरक पडला की ते लाईन तोडतं. १,९०० रुपये. मी कुरकुरलो, बाण सुधारला होता, माझ्या लेखी विषय संपला होता. त्यानं न ऐकता बसवला, हात धुतले आणि कूलरचं बटण दाबलं. खट्. घरातला पंखा, बल्ब, सगळं बंद. पुन्हा वर केला, पुन्हा कूलर, पुन्हा खट्. टाकीतली पाण्याची मोटर बाहेर काढली, तर वायर जिथे आत शिरते तिथलं रबर तडकलेलं. ती मोटर गेल्या उन्हाळ्यापासून त्याच टाकीत होती. गेल्या उन्हाळ्यात रोज दुपारी पोरगी बादलीनं त्या टाकीत पाणी ओतायची, बहुतेक वेळा कूलर चालू असतानाच. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या शॉकची बातमी पेपरात येतेच. आम्ही ती वाचून पान उलटतो.

नवी मोटर २८० रुपये. लॅपटॉपनंतरचा सगळा खर्च, वाया गेलेला चार्जर धरून, सहा हजारांच्या आत राहिला. मदरबोर्ड बदलला असता तर ९,५०० गेले असते आणि बाण तरीही नाचत राहिला असता.

बाकी लॅपटॉपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एसएसडीमुळे (वेगवान डिस्कमुळे) चहा ठेवायच्या आत सुरू होतो. कीबोर्ड उत्तम, पोरीचा वेग २२ वरून २९ वर आला, एक शब्द बाकी आहे. स्पीकर असून नसल्यासारखे. स्क्रीन ओसरीवर दिसत नाही. मेमध्ये दुपारी बारानंतर पंखा थ्रेशरसारखा ओरडतो आणि एक्सेल रांगतं. खाली दोन विटा ठेवून मधली हवा मोकळी केली की जरा माणसात येतो. बॅटरीचं वर सांगितलंच. तारे आता चार देतो. पाचवा बॅटरीनं खाल्ला.

सर्व्हिसवाल्याकडे ६०० रुपये मागायला मी खास गेलो होतो. आधी पोराला अर्थिंगचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे काका, आमी बरोबरच होतो ना, लॅपटॉपमध्ये काही नव्हतं." पैसे दिले नाहीत. एक माऊसपॅड दिला. त्यावर दुसऱ्याच कंपनीची जाहिरात आहे.

परवापासून डावी बिजागरी कर्र करते. या वेळी दुकानात नेणार नाही, आधी शिलाई मशीनचं तेल घालून पाहतो.