बोलावं की लिहावं: मोफत समुपदेशन निवडताना

बारावीचा निकाल, पणजीतली पहिली नोकरी, मोडलेलं नातं. कारण काहीही असो, आता कुणाशी तरी बोलायलाच हवं इथवर तुम्ही आला असाल तर पुढचा प्रश्न उरतो, कुणाशी? पैसे न लागणारे पर्याय गोव्यातूनही बरेच आहेत. वय अठराच्या आत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच. त्यापुढच्यांसाठी मला खरी निवड दिसते ती बोलणं आणि लिहिणं यांतली.

बोलण्यात पहिलं नाव टेलि-मानसचं, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. आधी समुपदेशक ऐकून घेतात, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. हा दुसरा टप्पा मला फार मोलाचा वाटतो. आपल्याला झोप लागत नाही ते नुसत्या काळजीमुळे की औषधाची गरज आहे, हे घरबसल्या विचारता येतं.

गोव्यातलीच हवी असेल तर कूज मेंटल हेल्थ फाउंडेशनची ०८३२-२२५२५२५ ही लाइन आहे. ती चोवीस तास नसते, पण पलीकडच्या माणसाला आपल्याकडची घरं, नातीगोती, गावातली कुजबुज समजावून सांगावी लागत नाही, हे मोठं सुख. काहींना नेमकी हीच जवळीक नको असते. छोटं राज्य, कोण कुठे ओळखीचं निघेल सांगता येत नाही, ही भीती मी मित्रांकडून ऐकली आहे. नाव सांगण्याची सक्ती नसते, त्यामुळे मला तिचं एवढं वाटलं नाही.

माझी अडचण निराळीच होती. आमचं डिचोलीकडचं कौलारू घर. खोल्यांच्या भिंती छपरापर्यंत जातच नाहीत, वरून सगळं मोकळं. आतल्या खोलीत हळू बोललेलं ओसरीवर आजीला ऐकू जातं. फोन लावायचा तर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत जायचं, आणि तिथे रेंज येते-जाते. मनातलं नाजूक वाक्य अर्ध्यावर असताना पलीकडून ‘हॅलो, आवाज येतोय का?’ ऐकलं की पुन्हा त्याच जागी पोचता येत नाही. कुणी चहाला हाक मारली की विषय बदलून परीक्षेचं बोलायचं. दोष कुठल्याच सेवेचा नाही, पण मी फोन टाळायला लागलो तो यामुळेच.

म्हणून लिहिण्याकडे वळलो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून चालते, तिथे फोनखेरीज ईमेलनेही समुपदेशन होतं. वांद्रेवाला फाउंडेशनच्या ९९९९६६६५५५ वर व्हॉट्सॲपवरून लिहिता येतं. ईमेलचं उत्तर लगेच येत नाही, हे खरं. मला मात्र तो मधला वेळ मानवला. लिहिताना मी खोडलं, थांबलो, घरचे झोपल्यावर पुरं केलं. तोंडाने जे कधी निघालं नसतं ते कागदावर निघावं तसं निघालं. आलेलं उत्तर पुन्हापुन्हा वाचता आलं, हे फोनवर कुठून मिळणार?

सगळ्यांना हे जमेल असं नाही. आवाजातला धीर अक्षरांत येत नाही, आणि फोन घरात दोघातिघांच्या हाती फिरत असेल तर लिहिलेलं सापडण्याचीच धास्ती. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर लिहीत बसू नका, लगेच १४४१६ लावा किंवा ११२ हा आपत्कालीन क्रमांक. घरातल्यांनी ऐकलं तरी ऐकू द्या. पण दिवस कसेबसे ढकलताय, घरात एकांत नाही, आणि कुठून सुरुवात करावी कळत नाही, अशी स्थिती असेल तर मी आधी लिहायला सांगेन. पहिल्या ईमेलमध्ये सगळं मांडण्याची गरज नाही. ‘मला बरं वाटत नाही, फोनवर बोलता येत नाही’ एवढ्यावरही संवाद सुरू होतो.