'द थर्ड मॅन' आधी, की 'ऑड मॅन आउट'?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश फिल्म न्वारपैकी (अंधाऱ्या, निराश सुराच्या गुन्हेपटांपैकी) काय बघू, असं विचारलं की लोक डोळे मिटून 'द थर्ड मॅन'चं (१९४९) नाव घेतात. त्यात काही चूक नाही. पण त्याच्याच दिग्दर्शकाने, कॅरल रीडने, दोन वर्षं आधी 'ऑड मॅन आउट' केला होता. कॅमेराही त्याच रॉबर्ट क्रॅस्करचा. दोन्हीकडे रात्रीचं शहर, मागावर पोलीस, आणि पळणाऱ्याला धरून द्यायचं की वाचवायचं या पेचात सापडलेली माणसं. दोन्ही एका बैठकीत बघण्यात अर्थ नाही, कारण दुसऱ्याच्या वाट्याला शिणलेले डोळे येतात.

'द थर्ड मॅन'मधे आपण शोधणाऱ्याच्या बाजूने असतो. होली मार्टिन्स हा स्वस्त वेस्टर्न कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकन. मित्र हॅरी लाइमने काम देऊ केलं म्हणून व्हिएन्नाला येतो आणि थेट त्याच्या अंत्यविधीलाच पोचतो. शहर तेव्हा चार विजेत्या राष्ट्रांनी वाटून घेतलेलं. मधला भाग सामाईक, तिथे एकाच जीपमधून चार देशांचे शिपाई गस्त घालणार. अशा ठिकाणी काळाबाजार फोफावला नसता तरच नवल. हॅरीचा धंदा होता पेनिसिलिनचा: लष्करी इस्पितळांतून चोरलेलं औषध पातळ करून विकायचं. त्याचे परिणाम दाखवायला ब्रिटिश लष्करी पोलिसांतला मेजर कॅलोवे होलीला मुलांच्या वॉर्डात नेतो. तिथे रीड एकही मूल दाखवत नाही. दिसतो तो खाटांकडे बघणाऱ्यांचा चेहरा. एवढ्यावर पोटात कालवतं.

एरवी हा सिनेमा चक्क गमतीदार आहे. कॅमेरा इतका तिरका की विल्यम वायलरने रीडला गवंड्याची पाणसळ भेट पाठवली, असा किस्सा सांगतात. पार्श्वसंगीतातली अँटन कारासची झिदर (एक तंतुवाद्य) नको तिथे खुशाल नाचत असते. ऑर्सन वेल्सच्या नावावर हा चित्रपट खपतो खरा, पण तो उगवतो तास उलटल्यावर, आणि एकूण असतोही थोडाच. खरा भार होली झालेला जोसेफ कॉटन आणि अलिडा व्हाली यांच्यावर. शेवटच्या शॉटवरून पटकथाकार ग्रॅहम ग्रीन आणि रीड यांचं जुळलं नव्हतं. ग्रीनला शेवट गोड हवा होता. रीडचंच बरोबर होतं, हे ग्रीनने पुढे लिहून मान्य केलं.

'ऑड मॅन आउट'मधे आपण पळणाऱ्यासोबत असतो. फक्त या माणसाला धड पळताही येत नाही. शहराचं नाव कुठेच येत नाही, पण ते बेलफास्ट आहे. जॉनी (जेम्स मेसन) हा आयरिश बंडखोरांच्या 'संघटने'चा पुढारी. तुरुंगातून निसटून महिनोन्महिने एका घरात दडून बसलेला, त्यामुळे गिरणी लुटायला बाहेर पडतो तेव्हा उजेडानेच गरगरतं. झटापटीत त्याच्या हातून माणूस मरतो, तो स्वतः जखमी होतो आणि पळत्या गाडीतून रस्त्यावर पडतो. पुढची सगळी रात्र आधी पाऊस, मग बर्फ, आणि त्याला क्षणभर आसरा देऊन पुन्हा बाहेर काढणारी माणसं. कुणी वाईट नाही, कुणाला भानगड नको. दारूच्या गुत्त्यात मालक त्याला एका कोनाड्यात कोंडून ठेवतो. टेबलावर बिअर सांडलेली असते, आणि तिच्या एकेका बुडबुड्यात जॉनीला दिवसभरातल्या माणसांचे चेहरे दिसू लागतात. 'द थर्ड मॅन'मधे इतकं आत शिरणारं काही नाही, असं माझं मत.

मग हाच आधी का नको? कारण शेवटचा अर्धा तास. रॉबर्ट न्यूटनचा दारुडा चित्रकार मरणाऱ्याचे डोळे रंगवायला निघतो आणि सिनेमा नाटकी होतो. शिवाय ११६ मिनिटांत हसायला जागा फार थोडी. बाफ्टाचा उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचा पहिला मान याला मिळाला, पण पाहुणे जमलेत म्हणून लावायचा हा सिनेमा नव्हे.

दोन्ही संथ वाटतील अशी शंका असेल, तर ज्यूल्स डॅसिनचा 'नाइट अँड द सिटी' (१९५०) घ्या. दिग्दर्शक अमेरिकन, लंडन मात्र अस्सल. रिचर्ड विडमार्कचा फेबियन पहिल्या फ्रेमपासून पळतोय. त्यात ग्रेगोरियस हा म्हातारा पैलवान आहे, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी त्याला जरा निरखून बघावं: हा स्टॅनिस्लाउस झ्बिश्को. १९१० साली लंडनमधे गामा पैलवानासमोर दोन तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून राहिलेला, आणि १९२८ साली पतियाळात त्याच गामाकडून मिनिटभरात चीत झालेला. सिनेमातली त्याची कुस्ती लांबलचक आणि बघताना अंगावर येणारी आहे. मरगळ त्यात नाही, पण रीडच्या माणसांबद्दल वाटते तशी माया फेबियनबद्दल वाटत नाही.

माझा क्रम असा: जुन्या कृष्णधवल सिनेमांची सवय नसेल किंवा घरचे सगळे सोबत असतील, तर 'द थर्ड मॅन'. एकट्याने, पावसाळ्यात, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना 'ऑड मॅन आउट'. त्यातली बोली आयरिश वळणाची आहे, सबटायटल्स लावाच. 'द थर्ड मॅन'मधलं जर्मन मात्र मुद्दाम भाषांतराविना सोडलंय. होलीला कळत नाही, तसं आपल्यालाही कळू नये म्हणून.

आणि प्रत तपासून घ्या. ब्रिटिश 'द थर्ड मॅन' १०४ मिनिटांचा आहे, अमेरिकेत तो अकरा मिनिटं कापून दाखवला गेला. ब्रिटिश प्रतीत सुरुवातीचं निवेदन खुद्द रीडच्या आवाजात आहे, काळ्याबाजारातल्याच कुणी चार गोष्टी सांगाव्यात अशा थाटात. अमेरिकन प्रतीत तिथे कॉटन बोलतो आणि होली उगाच सभ्य वाटू लागतो. पहिल्याच मिनिटाला कॉटनचा आवाज आला, तर बंद करून दुसरी प्रत शोधा.