अंदमानचा भिंतीवरचा नकाशा : पाणी ठळक, माणसे पुसट

चामोर्शी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी गडचिरोलीच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून अंदमान-निकोबारचा भिंतीवर लावायचा मराठी नकाशा साडेपाचशे रुपयांना घेतला. लॅमिनेशन जाड आहे आणि पावसाळ्यातील ओल लागूनही कडा उचकटलेल्या नाहीत.

नकाशाचे बळ त्यातील अरुंद सामुद्रधुन्यांत आहे. शालेय पुस्तकात मोठे अंदमान एकच लांबट बेट भासते; येथे एका सेंटिमीटरला तीन किलोमीटर असे प्रमाण घेतल्यामुळे दक्षिण अंदमान व बाराटांग यांच्यामधील मिडल स्ट्रेट, बाराटांग व मध्य अंदमान यांच्यामधील हम्फ्रे स्ट्रेट आणि मध्य व उत्तर अंदमान वेगळे करणारी ऑस्टिन स्ट्रेट या तिन्ही वाटा स्वतंत्रपणे दिसतात. काठची खारफुटी बारीक हिरव्या रेघांनी दाखवली आहे. अंदमान ट्रंक रोड जिरकाटांगहून जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून मिडल स्ट्रेटपर्यंत येतो आणि तेथून बस-ट्रक बोटीवर चढवून बाराटांगच्या निलांबूर धक्क्यावर उतरवतात, हे नकाशावर बोट फिरवून मुलांना सहज समजावता येते.

वस्तीच्या बाबतीत मात्र नकाशाने हात आखडता घेतला आहे. सगळी गावे सारख्याच काळ्या ठिपक्यांची. बाराटांगला जंगलकामासाठी छोटा नागपूरहून आणलेले मजूर, ज्यांना तेथे ‘रांची’ म्हणतात. मायाबंदरजवळच्या वेबी येथे 1925 साली ब्रह्मदेशातून येऊन वसलेले करेन जमातीचे लोक. 1949 पासून टप्प्याटप्प्याने आणलेले पूर्व बंगालमधील निर्वासित. यांचा मागमूस नाही. आमच्या भागात ही उणीव अधिक जाणवते, कारण अशाच बंगाली निर्वासितांची गावे याच तालुक्यात आहेत आणि तेथून येणारे वाचक नकाशासमोर उभे राहून आधी अंदमानातील बंगाली वस्तीची रंगत नि डिगलीपूर ही गावे शोधतात. जारवा क्षेत्र फिकट पिवळे असून त्याची हद्दही आखलेली नाही. त्या क्षेत्रातून जाणारा रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दिला होता, तरीही वाहने ताफ्याने जातच आहेत. एवढी महत्त्वाची बाब तळटीपेतही नसावी, हे खटकते.

हम्फ्रे स्ट्रेटवर अजून बोटीचेच चिन्ह आहे. प्रत्यक्षात तेथे आझाद हिंद फौज सेतू झालेला आहे. राजधानीचे नावही पोर्ट ब्लेअरच छापले आहे, जे 2024 मध्ये बदलून श्री विजयपुरम करण्यात आले.

तरीही आठवी-नववीच्या मुलांसाठी मी हा नकाशा घ्यावा असेच म्हणेन. लहान मुलांना अक्षरे बारीक पडतील. दुकानदार गुंडाळी उघडायला खळखळ करतो, पण पैसे देण्यापूर्वी उजव्या कोपऱ्यातील आवृत्तीचे वर्ष पाहावे आणि ते जुने असल्यास किंमत कमी करून मागावी.