सीपी/एम २.२ : एका डॉलर-चिन्हाचा उगम सापडला

पॉलिटेक्निकमध्ये मी २६ वर्षं मायक्रोप्रोसेसर शिकवला. ८०८५ चं किट, हेक्स कीपॅड आणि वर सहा लाल आकडे. एका वर्षी लॅबमध्ये दुसऱ्या कंपनीची किट आली आणि मुलांच्या जर्नलमधले निम्मे प्रोग्रॅम चालेनात. प्रोसेसर तोच होता, पण डिस्प्लेवर आकडा दाखवणाऱ्या रुटीनचा, म्हणजे किटमधल्या तयार छोट्या प्रोग्रॅमचा, मेमरीतला पत्ता नव्या किटमध्ये निराळा होता. सबमिशन तोंडावर आलेलं. मुलांनी पानंच्या पानं पुन्हा लिहिली. त्या पोरांचे चेहरे मला अजून आठवतात.

निवृत्तीनंतर भाच्यानं झेड-८० या जुन्या प्रोसेसरचं एक किट आणून दिलं. सोल्डरिंगचे डाग मीच दिले, तीन संध्याकाळी गेल्या. केबलनं लॅपटॉपला जोडलं, मेमरी कार्ड घातलं आणि स्क्रीनवर 'ए>' उमटलं. कार्डावर होती सीपी/एम २.२, म्हणजे सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची १९७९ ची आवृत्ती. गेले दोन महिने रोज ती वापरते आहे.

आधी सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. हिच्यासोबत येणाऱ्या असेंब्लरला, म्हणजे सूचनांचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, ८०८५ च्या आधीच्या ८०८० प्रोसेसरच्या सूचना लागतात (झेड-८० लाही त्या कळतात), म्हणजे रिम आणि सिम या दोन सूचना सोडल्या तर मी फळ्यावर लिहीत आले त्याच. पहिला प्रोग्रॅम असा लिहिला : प्रोसेसरच्या सी रजिस्टरमध्ये (आतल्या छोट्या कप्प्यात) ९, डीई या जोडीमध्ये वाक्याचा पत्ता, मग कॉल ५. वाक्य पडद्यावर आलं. पडदा कुठे जोडलाय, कोणत्या पोर्टवर, कुठल्या कंपनीचा, हे मला कुठेच सांगावं लागलं नाही. पत्ता ५ वर एक उडी (जंप सूचना) असते, ती बीडॉसकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, नेते आणि बीडॉस खालच्या, हार्डवेअरशी थेट बोलणाऱ्या बायॉसला काम सांगतं. मशीन बदललं तर फक्त बायॉस नवं लिहायचं, त्यात सतरा उड्यांचा तक्ता असतो. आमची जर्नलं ज्या दुखण्यापायी वाया गेली, त्याचं औषध कॅलिफोर्नियात कधीच तयार झालेलं होतं.

ते तयार केलं गॅरी किल्डॉल यांनी. माँटेरीच्या नौदल महाविद्यालयात ते शिकवायचे, इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा त्यांनीच लिहिली होती. फ्लॉपी ड्राइव्ह हाताळायला त्यांनी १९७४ मध्ये ही प्रणाली रचली आणि पुढे पत्नी डोरोथी यांच्यासोबत पॅसिफिक ग्रोव्हमधून डिजिटल रिसर्च ही कंपनी चालवली. हार्डवेअरचा भाग वेगळा काढून बायॉस करण्याचं काम इम्साय या संगणक कंपनीच्या मशीनच्या निमित्तानं झालं. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, पण एका शिक्षकानं केलेलं हे काम बघून मला फार बरं वाटलं.

आता ते डॉलर-चिन्ह. ८०८६ या पुढच्या प्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला पडद्यावर वाक्य दाखवायला आम्ही एएच रजिस्टरमध्ये ०९ घालून इंटरप्ट २१, म्हणजे डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमची सेवा, बोलवायचो आणि वाक्याच्या शेवटी डॉलर लिहायचो. "मॅडम, डॉलरच का?" असं मुलं ओरलच्या वेळी उलट विचारायची. मी म्हणायचे, नियम आहे. सीपी/एमची फंक्शन यादी उघडली तर नववं काम तेच, शेवटी डॉलरही तोच! १९८० मध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सच्या टिम पॅटरसन यांनी ८०८६ साठी प्रणाली लिहिली, तेव्हा ही कामं आणि त्यांचे क्रमांक मुद्दाम तसेच ठेवले. जुने प्रोग्रॅम सहज इकडे आणता यावेत म्हणून. ती मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसीसोबत ती डॉस म्हणून आली. सीपी/एमची ८०८६ साठीची आवृत्ती, सीपी/एम-८६, उशिरा आली आणि तिची किंमत २४० डॉलर. डॉस ४० डॉलरला.

त्रासाचंही सांगायला हवं. ईडी हा संपादक फाइल उघडली तरी काहीच दाखवत नाही. आधी '#ए' म्हणून ओळी आत घ्यायच्या, मग 'बी#टी' म्हणून बघायच्या. पिप या फाइलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुठे न्यायचं ते आधी लिहायचं, कुठून ते नंतर. मी सवयीनं उलटं लिहिलं आणि दिवसभराच्या कामावर जुनी प्रत बसली. पिप काही विचारत नाही. ईडी आदली प्रत बॅक नावानं ठेवतो म्हणून बरंच परत मिळालं, शेवटच्या बैठकीतलं गेलं. फोल्डर नाहीत, फाइलला तारीख नाही. पण आज्ञा वाचणारा सीसीपी आणि बीडॉस मिळून साडेपाच किलोबाइटमध्ये मावतात, त्यात मी आणखी काय मागू?

पैसे पडतात ते किटचे. प्रणाली फुकट आहे, २०२२ मध्ये हक्कधारकांनी वापरायची आणि बदलायचीही मोकळीक दिली. किट नको असेल तर सिमएच या मोफत इम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) ती लॅपटॉपमध्येच चालते. मायक्रोप्रोसेसर शिकवणाऱ्या प्रत्येकानं एक तास तरी बसावं. ज्यांना फक्त जुने गेम हवेत त्यांनी डॉसकडे जावं.

शनिवारी किट डब्यात घालून जुन्या लॅबमध्ये नेणार आहे. आमचे लॅब असिस्टंट अजून तिथेच आहेत. त्या वर्षी पत्ते बदलताना रात्री नऊपर्यंत तेही माझ्यासोबत थांबले होते. कॉल ५ त्यांच्याच हातानं टाइप करून घ्यायचं आहे.